प्रकल्पवही तपासायचे रुब्रिक कसे बांधावे: आठवीच्या विहीर-प्रकल्पाचे उदाहरण

"सर, माझे सहा मार्क कामून कटले?"

वीसपैकी चौदा गुण मिळालेल्या मुलाचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्यावर "आणखी थोडं चांगलं पाहिजे होतं" यापलीकडे काही सांगता येत नसेल, तर ते चौदा गुण अंदाजाने पडलेले असतात. या प्रश्नाचे उत्तर वह्या हातात येण्याआधीच लिहून ठेवायचे, हेच रुब्रिकचे काम. डाव्या बाजूला निकष, वरच्या ओळीत स्तर, आणि प्रत्येक चौकटीत त्या स्तराचे काम प्रत्यक्षात कसे दिसते त्याचे वर्णन, असा हा तक्ता असतो. निकषांची नुसती यादी पुढ्यात समान गुण टाकून छापली तर तिला रुब्रिक म्हणता येत नाही. चौकटीतले वर्णन हाच त्याचा प्राण आहे आणि बहुतेकांचे काम नेमके तिथेच कच्चे राहते.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. आठवीचा प्रकल्प, २० गुण. गावातल्या पाच विहिरींच्या पाण्याची पातळी पावसाळा ओसरल्यावर सहा आठवडे, आठवड्यातून एकदा मोजायची. म्हणजे एकूण ३० नोंदी. दर अर्ध्या मीटरवर गाठ मारलेली दोरी, टोकाला दगड, आणि काठावरच्या ठरलेल्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर. कठडा नसलेली विहीर प्रकल्पात घ्यायचीच नाही आणि मोजताना घरचे मोठे माणूस सोबत हवे. या दोन अटी सूचनेत लिहा. त्यांना गुण ठेवू नका, कारण सुरक्षितता कमी-जास्त स्तरांत वाटून देता येत नाही.

आधी वही, मग निकष

बहुतेक रुब्रिक कोऱ्या कागदावर सुरू होतात. विषयज्ञान ५, मांडणी ५, सर्जनशीलता ५, स्वच्छता ५ अशी बेरीज वीस झाली की काम संपले असे वाटते. हे चार शब्द भूगोलाच्या नकाशाला लागतात, मराठीच्या निबंधाला लागतात आणि मातीच्या बैलालाही लागतात. जे कशालाही लागू पडते, ते या प्रकल्पाबद्दल काहीच सांगत नाही.

त्याऐवजी मागच्या वर्षीच्या, याच किंवा अशाच प्रकल्पाच्या पाच वह्या काढा. दोन उत्तम, एक मधली, दोन कच्च्या. उत्तम वही उत्तम का वाटते आणि कच्ची कच्ची का, हे एकेका चिठ्ठीवर एकेका वाक्यात लिहा. 'तारखा आहेत.' 'आलेखाच्या अक्षांवर काहीच लिहिलेले नाही.' 'पाणी का घटले हे सांगताना आकडा दिला आहे.' साधारण बारा ते पंधरा चिठ्ठ्या होतील. सारख्या चिठ्ठ्यांचे ढीग लावा. तीन किंवा चार ढीग झाले की ते तुमचे निकष. विहिरीच्या प्रकल्पात ढीग तीन होतात: नोंदी, निष्कर्ष, मांडणी.

मग प्रत्येक ढिगाला एक प्रश्न विचारा: हे आपण वर्गात शिकवले आहे का? आलेखाचे प्रमाण कसे निवडायचे हे शिकवलेच नसेल, तर ते निकषात येऊ शकत नाही. एक तर आधी शिकवा, नाहीतर ती चिठ्ठी बाजूला ठेवा. ज्या अध्ययन निष्पत्तीसाठी (म्हणजे मुलाला जे यायला हवे त्यासाठी) प्रकल्प दिला, तिच्याशी ज्या निकषाचे नाते लागत नाही तोही काढून टाका. मुखपृष्ठाची सजावट बहुधा इथेच गळते, आणि ती गळालेलीच बरी.

निकष चारच्या पुढे नेऊ नका. हिशोब साधा आहे. एका निकषाचा निर्णय घ्यायला दीड मिनिट धरले तर तीन निकषांना साडेचार मिनिटे, म्हणजे चाळीस वह्यांना तीन तास. आठ निकष केले तर तेच काम आठ तासांवर जाते. मग विसाव्या वहीनंतर माणूस तक्ता बघायचे सोडतो आणि पुन्हा अंदाजाने गुण देऊ लागतो.

स्तर चार ठेवा

तीन किंवा पाच स्तर ठेवले की मधली चौकट तयार होते आणि शंका आली की हात आपोआप तिच्यावर जातो. चार स्तरांत मधोमध काही नसते. वही वरच्या अर्ध्यात की खालच्या, हे ठरवावेच लागते, आणि तो निर्णयच महत्त्वाचा आहे.

लिहिण्याचा क्रम मात्र चार-तीन-दोन-एक असा नको. पहिल्यांदा तिसरा स्तर लिहा: शिकवले ते समजून नेहमीच्या मुलाने मन लावून केले तर काम असे दिसेल. मग चौथा लिहा. चौथ्यात तिसऱ्याचेच 'आणखी जास्त' नको, काहीतरी वेगळ्या जातीचे हवे. दहा पाने जास्त लिहिणारे मूल चौथ्या स्तरावर जात नाही. एखादी नोंद विचित्र का आली याचा शोध घेणारे जाते. त्यानंतर पहिला लिहा, आणि त्यातही काय नाही एवढेच न लिहिता वहीत काय असते तेही लिहा. दुसरा सर्वांत शेवटी, कारण तो लिहायला सर्वांत अवघड: काय जमले आणि काय निसटले, दोन्ही त्यात स्पष्ट हवे.

विहीर-प्रकल्पाचा पूर्ण तक्ता असा होतो.

निकष १: नोंदी घेणे
स्तर ४: सगळ्या ३० नोंदी, प्रत्येकीला तारीख, वेळ, एकक, मोजणी काठावरच्या एकाच खुणेपासून, वेगळी आलेली नोंद का वेगळी (मोटार चालू होती, आदल्या रात्री पाऊस झाला) हे लिहिलेले.
स्तर ३: २४ किंवा अधिक नोंदी, तारीख आणि एकक आहे, मोजणीची खूण एकच.
स्तर २: १५ ते २३ नोंदी, किंवा नोंदी जास्त असूनही खूण वा एकक मधेच बदललेले.
स्तर १: १५ हून कमी नोंदी, किंवा तारखा नसल्यामुळे नोंदींचा क्रम लागत नाही.

निकष २: निष्कर्ष
स्तर ४: निष्कर्षात स्वतःच्या नोंदींतले आकडे, दोन विहिरींतल्या फरकाचे कारण नोंदींशी जोडलेले, या नोंदींवरून काय सांगता येत नाही तेही लिहिलेले.
स्तर ३: निष्कर्षात स्वतःचे आकडे आहेत, कारण दिले आहे, पण ते नोंदींशी जोडलेले नाही.
स्तर २: निष्कर्ष आहे, आकडा नाही ('पाणी कमी झाले').
स्तर १: निष्कर्षाच्या जागी 'पाणी हेच जीवन' यांसारखी कुठल्याही वहीत चालतील अशी वाक्ये.

निकष ३: मांडणी (तक्ता आणि आलेख)
स्तर ४: आलेख वाचून पाचही विहिरींची तुलना करता येते, खोलीचा आकडा वाढणे म्हणजे पातळी घटणे, हे आलेखात किंवा टिपेत दाखवलेले.
स्तर ३: दोन्ही अक्षांना नावे, प्रमाण समान, बिंदू तक्त्यातल्या नोंदींशी जुळतात.
स्तर २: आलेख आहे, पण अक्षांना नावे नाहीत किंवा प्रमाण मधेच बदलते.
स्तर १: फक्त तक्ता, किंवा आलेख तक्त्याशी जुळत नाही.

तिसऱ्या निकषात खोलीचा मुद्दा मुद्दाम आणला आहे. काठापासून मोजले की पाणी खाली जाताना आकडा वाढतो. त्यामुळे आलेखाची रेघ वर चढते आणि मुले खाली बिनधास्त लिहितात, 'पाणी वाढले'. ही चूक जवळपास प्रत्येक वर्गात दिसते. रुब्रिक लिहिणाऱ्याला विषयातल्या अशा नेमक्या अडचणीच्या जागा माहीत हव्यात, कारण स्तरांमधल्या रेषा तिथेच आखल्या जातात.

कारणांचेही तसेच. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसॉल्टच्या काळ्या खडकावर आहे. त्यात पाणी साठते ते भेगांत आणि झिजलेल्या, मुरमाड थरांत. म्हणून एका बांधाच्या अल्याड-पल्याडच्या दोन विहिरींचे पाणी वेगवेगळे वागू शकते. 'शेजारची विहीर असून पातळी वेगळी' असे मुलाने लिहिले तर ती चूक समजून काट मारू नका. उलट तिथेच चौथ्या स्तराची शक्यता असते. कोणती कारणे ग्राह्य धरायची याची चार-पाच ओळींची टीप तक्त्याच्या मागे लिहून ठेवा. खडक, रब्बीचा उपसा, जवळचा ओढा किंवा तलाव, विहिरीची खोली एवढी पुरे. तपासणारा दुसरा शिक्षक विज्ञानाचा नसला तरी या टिपेवर त्याचे काम चालते.

शब्द पारखून घ्या

चौकट लिहून झाली की तिच्यातले विशेषण झाकून वाचा. 'नोंदी व्यवस्थित आहेत' यातला 'व्यवस्थित' झाकला की खाली काहीच उरत नाही, म्हणजे ते वाक्य पुन्हा लिहायचे. चांगले, समाधानकारक, पुरेसे, योग्य, प्रभावी हे शब्द निर्णय सांगतात, दृश्य सांगत नाहीत. दोन शिक्षकांचे 'पुरेसे' कधी एक नसते. 'बहुतेक वेळा, काही वेळा, क्वचित' ही उतरती भांजणीही तशीच फसवी. शक्य तिथे संख्या द्या. पण संख्या शक्य आहे म्हणून सगळीकडे देऊ नका. निष्कर्षात 'किमान पाच कारणे' अशी अट घातली, तर मूल दोन खरी कारणे सोडून पाच उसनी गोळा करते.

एका निकषात दोन गोष्टी कोंबल्या की तपासताना अडते. 'अक्षर सुवाच्य आणि निष्कर्ष अचूक' या ओळीत अक्षर मोत्यासारखे आणि निष्कर्ष चुकीचा असेल तर कोणता स्तर द्यायचा? दोन ओळी करा किंवा एक गोष्ट सोडा.

एकाच चुकीचे गुण दोन ठिकाणी जाणे हा दोष त्याहून लपून राहतो. वरच्या तक्त्यात एककाचा उल्लेख पहिल्या निकषात आहे. आलेखावरही एकक लागतेच. मुलाने सगळीकडे एकक विसरले तर दोन्हीकडे गुण कापायचे का? नाही. म्हणून तिसऱ्या निकषात फक्त अक्षांची नावे आणि प्रमाण ठेवले आहे. तक्ता पूर्ण झाला की एक काल्पनिक चूक घ्या, तिचे बोट धरून सगळ्या ओळींतून फिरा, आणि ती किती ठिकाणी अडते ते मोजा. एकापेक्षा जास्त ठिकाणी अडली तर शब्द बदला.

गुण शेवटी टाका

तीन निकषांचा भारांश, म्हणजे वीस गुणांतला वाटा, ८, ८ आणि ४. नोंदी आणि निष्कर्ष हे प्रकल्पाचे कारण, मांडणी त्यांच्या सेवेला, म्हणून तिला निम्मे. भारांश ठरवताना एक खूणगाठ बांधा: जिथे मुलाचा सर्वाधिक वेळ जावा असे वाटते, तिथे सर्वाधिक गुण हवेत. मांडणीला दहा गुण दिले की पालक रात्री जागून कार्डशीट रंगवतात आणि विहिरीवर कोणी जात नाही.

स्तरांना गुण देताना सरळ वाटप केले, ८-६-४-२, ८-६-४-२ आणि ४-३-२-१, तर सगळीकडे तिसरा स्तर गाठणाऱ्या मुलाला १५ गुण, म्हणजे ७५% मिळतात. श्रेणीच्या तक्त्यात ७१ ते ८० म्हणजे ब-१. शिकवले ते सगळे नीट केलेल्या मुलाला ब-१ मिळावी असे तुम्हाला वाटते का? वाटत असेल तर हेच वाटप ठेवा. नसेल तर ८-७-४-२, ८-७-४-२ आणि ४-३-२-१ असे करा. तिसऱ्या स्तराची बेरीज १७ होते, ८५%, म्हणजे अ-२. दुसऱ्या स्तराची १०, म्हणजे ५०% आणि क-२. पहिल्या स्तराची ५, म्हणजे २५% आणि इ-१. आमच्या मते हे दुसरे वाटप जास्त न्याय्य आहे. दुसरा आणि तिसरा स्तर यांच्यामधले अंतरच 'जमले' आणि 'अजून जमले नाही' यांच्यामधले अंतर आहे, आणि गुणांतही ते दिसायला हवे. कोणतेही वाटप घेतले तरी आधी ही बेरीज करून श्रेणीशी ताडून बघा. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या २०१० च्या शासन निर्णयात सातवी-आठवीसाठी आकारिक (शिकवताना चालणारे) ४० आणि संकलित (सत्राखेरीचे) ६० असा भारांश होता. प्रकल्प आकारिकमधले एक साधन, त्यामुळे इथला एक-दोन गुणांचा फरकही श्रेणी हलवू शकतो.

७ आणि ४ यांच्यामध्ये ५ किंवा ६ द्यायचा मोह होईल. देऊ नका. त्याऐवजी प्रत्येक निकषात दुसऱ्या-तिसऱ्या स्तराच्या सीमेवरची एक गोष्ट अधोरेखित करा. नोंदींत: खूण आणि एकक तेच राहिले का? निष्कर्षात: स्वतःचा आकडा आहे का? आलेखात: अक्षांना नावे आहेत का? दुविधा झाली की फक्त तेवढेच बघायचे. वहीच दिली नसेल तर रुब्रिक लागू होत नाही, तो वेगळा विषय. 'वही नाही' यासाठी पाचवी चौकट काढू नका.

ज्यांना गुण द्यायचे नाहीत त्या गोष्टी

पैसा आधी. छापील चित्रे, रंगीत प्रिंट, महागाची फाइल यांचा उल्लेख कोणत्याही चौकटीत नको. साध्या रेघी वहीतला हाताने काढलेला आलेख चौथ्या स्तरावर पोचू शकला पाहिजे. पोचत नसेल तर तक्ता चुकला आहे.

मग भाषा. प्रकल्पानंतर मुलाला दोन-तीन तोंडी प्रश्न विचारावेत, पण गुणांसाठी नाही, वही त्याचीच आहे ना याच्या पडताळ्यासाठी. एखादी मुलगी म्हणेल, "हिरीचं पानी लई खाली गेलं, म्हनून मोटर हवा धरायली." या वाक्यात निरीक्षण आहे, कारण आहे आणि दोघांची सांगड आहे. तांड्यावरचे मूल गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, विचार करून मराठीत बोलते, कुणाच्या घरी दखनी उर्दू बोलली जाते. विज्ञानाच्या रुब्रिकमध्ये 'शुद्ध व प्रभावी भाषा' असा निकष घातला, तर या मुलांचे गुण विहिरीशी संबंध नसलेल्या कारणाने जातात. प्रमाण भाषा तपासायची असेल तर ती मराठीच्या तासाला, त्या विषयाच्या रुब्रिकने. एक बाब मात्र विज्ञानाची आहे: 'सात परसावर पाणी' बोलताना चालते, वहीत मीटर हवे, कारण परस माणसाच्या उंचीवर बेतलेला आणि माणसे सारख्या उंचीची नसतात.

आणि गैरहजेरी. बीड, धाराशिव, जालना, परभणी या भागांतल्या कित्येक शाळांत दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची मुले वर्गातून कमी होतात. प्रकल्पाचे सहा आठवडे नेमके त्याच काळात येतात. अशा मुलासाठी नियम आधीच लिहून ठेवा. मूल तीन आठवडे गावात होते तर अपेक्षित नोंदी १५. तक्त्यातल्या २४ आणि १५ या मर्यादा म्हणजे अपेक्षित नोंदींच्या ८०% आणि निम्म्या. म्हणून त्याच्यासाठी त्या १२ आणि ८ होतील. निष्कर्ष आणि आलेखाच्या चौकटी जशाच्या तशा राहतात. नियम आधी लिहिलेला असला की कुणावर मेहेरबानी केल्यासारखे होत नाही आणि मुलालाही लाजल्यासारखे वाटत नाही.

वापरण्याआधी चाचणी

दहावीच्या उत्तरपत्रिकेला परीक्षकानंतर नियामक, म्हणजे तपासणीच तपासणारा, असतो. शाळेतल्या प्रकल्पवहीला कोणी नसतो, म्हणून तक्ताच आधी पारखून घ्यावा लागतो. दहा वह्या घ्या. दोन शिक्षकांनी त्या स्वतंत्रपणे तपासायच्या, वहीवर काहीही न लिहिता, फक्त स्तर वेगळ्या कागदावर. दहा वह्या, तीन निकष, म्हणजे तीस निर्णय. निदान एकवीस तंतोतंत जुळावेत आणि कुठेही दोन स्तरांचा फरक नसावा. जिथे फरक पडला ती चौकट दोघांनी मिळून मोठ्याने वाचायची. बहुतेकदा दोघांनी एकाच शब्दाचा वेगळा अर्थ घेतलेला असतो. शब्द दुरुस्त करा, 'तुम्ही फार कडक तपासता' या वादात जाऊ नका. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत हे काम तासाभरात होते. शाळेत विषयाचा दुसरा शिक्षक नसेल तर त्याच वह्या आठ दिवसांनी, आधीचा कागद न बघता, पुन्हा तपासा आणि स्वतःशीच ताडा.

प्रत्यक्ष तपासताना वहीमागून वही पूर्ण करू नका. आधी चाळीसही वह्यांच्या नोंदी, मग पहिल्यापासून सगळ्यांचे निष्कर्ष, मग आलेख. एका निकषाचा दिमाख दुसऱ्यावर सांडत नाही, आणि हुशार म्हणून नाव झालेल्या मुलाचा कच्चा निष्कर्षही कच्चा म्हणूनच दिसतो. दुसऱ्या फेरीला वह्यांचा क्रम उलटा करा, म्हणजे दमलेल्या डोळ्यांना दर वेळी त्याच मुलांच्या वह्या येणार नाहीत.

मुलांच्या हातात तक्ता प्रकल्पासोबतच द्या, गुणांसोबत नाही. नुसता वाटून उपयोग होत नाही. मागच्या वर्षीची एक वही नाव झाकून वर्गात फिरवा आणि गटागटाने तिला स्तर द्यायला सांगा. वीस मिनिटांत मुले 'आकडा कुठंय?' असे एकमेकांना विचारू लागतात. त्यांच्यासाठी चौकटी 'मी' लावून लिहा: 'मी दर वेळी त्याच खुणेपासून मोजले.' 'माझ्या निष्कर्षात माझ्याच वहीतला आकडा आहे.'

वह्या परत देताना गुणांच्या बेरजेपेक्षा तिन्ही स्तर वेगवेगळे लिहा आणि सर्वांत खालच्या स्तराशेजारी पुढे काय करायचे याची एक ओळ. मूल्यमापनातल्या वर्णनात्मक नोंदीसाठी तीच ओळ कामाला येते. तपासताना ज्या चौकटीने अडवले तिच्यापुढे पेन्सिलीने तारीख टाकून ठेवा. निम्मा वर्ग एकाच निकषात दुसऱ्या स्तरावर अडकलेला दिसला तर दोन शक्यता असतात: चौकट अवास्तव आहे किंवा तो भाग वर्गात नीट झाला नाही. कोणती ते ठरवायला तिसऱ्या स्तरावर पोचलेल्या तीन-चार मुलांना विचारा, हे कुठे शिकलात. 'घरी दादानं सांगितलं' असे उत्तर आले तर तक्ता तसाच ठेवा आणि आलेखाचा पाठ पुन्हा घ्या.